चौतीस दात्यांची चकती

माझ्या नवऱ्याला लातूरच्या डॉक्टरांनी सायकलची परवानगी दिली तेव्हा एक अट घातली. छातीत एक स्टेंट बसवून दीड वर्ष झालं होतं. रिपोर्ट चांगले होते. डॉक्टर म्हणाले, "सायकल खुशाल चालवा. फक्त चालवताना बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य. मधे दम लागून वाक्य तुटलं, की उतरायचं. तिथंच, रस्त्यात."

नवऱ्यानं मान हलवली. मी मात्र घाबरले. कारण हा माणूस पलंगावर पडल्यापडल्यासुद्धा पूर्ण वाक्य बोलत नाही. "चहा." "बघूत." "हाव." अशानं त्याचा संसार चाललेला. सायकलवर त्याचं वाक्य तुटलं हे मला कळणार कसं? मुळात ते सुरू कधी झालं होतं?

तो मूळचा उदगीरचा, भांड्यांच्या व्यापाऱ्यांच्या घरातला. नांदेडला येऊन त्यानं स्वतःचं दुकान टाकलं आणि मी तिथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल होते. तीस वर्षं मी पुस्तकं मोजली आणि त्यानं पातेली. दोघांचंही बरं चाललं होतं. मग एका दुपारी दुकानात पितळेचा हंडा उचलताना तो खाली बसला, आणि तेव्हापासून मी त्याचा श्वास मोजायला लागले. तो झोपला की त्याच्या छातीवरची चांदीची डबी वरखाली होते का, हे बघायचं. त्या डबीत त्याचं इष्टलिंग असतं, लिंगायतांच्या रीतीनं, मुंजीएवढ्या वयापासून गळ्यात. आता त्याच दोऱ्यात त्यानं जिभेखाली ठेवायच्या गोळीची एक छोटी पुडी बांधून घेतली होती. मी म्हटलं, देवाच्या शेजारी औषध? तो म्हणाला, "दोघंबी जवळच बरे."

सायकल त्यानं हैदराबादहून मागवली. पातळ टायरची, वाकड्या हँडलची, वजनाला आमच्या घरातल्या मोठ्या परातीएवढी. त्या सुमाराला नांदेडात असल्या सायकलींचा एक कंपू तयार झाला होता. डॉक्टर, वकील, दोन ठेकेदार, एक निवृत्त अभियंता. पहाटे पाचला रंगीबेरंगी तंग सदरे घालून निघायचे. नांदेड सपाट. चढ म्हणजे उड्डाणपूल. तो उड्डाणपूल हे लोक सहा-सहा वेळा चढायचे आणि फोटो काढायचे. खाली गोदावरीचं पात्र कोरडं पडलेलं, त्यात पोरांचे क्रिकेटचे तीन-तीन डाव एकाच वेळी चाललेले. दुष्काळाचं ते वर्ष. पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आलं, पण तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच ठाऊक होतं की आषाढ गेला, श्रावण लागला आणि आभाळ धुतलेल्या ताटासारखं रिकामं आहे.

अशा त्या श्रावणात निवृत्त अभियंत्यांना नवा जिल्हा सुचला.

म्हणजे मागणी जुनीच होती. उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा, हे आमच्या सासरी दर दिवाळीला बोललं जायचं, आणि दर होळीला विसरलं जायचं. पण हे अभियंते मूळचे तिकडचेच, आणि निवृत्तीनंतर त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. कशाचे ते नंतर ठरलं असतं. त्यांनी समिती काढली, तिचे अध्यक्ष झाले, बॅनर छापलं आणि जाहीर केलं, की नांदेडातले उदगीरकर सायकलवर उदगीरला जाऊन निवेदन देतील. सायकली टेम्पोनं नायगावपर्यंत न्यायच्या, तिथून मुखेड, मुखेडपासून बालाघाटाचा डोंगर चढून वर उदगीर. दिवस सोमवार.

"सोमवारच का?" मी विचारलं. बैठक आमच्याच घरी होती.

"वहिनी, श्रावणी सोमवारी देवळात गर्दी असते," अध्यक्ष म्हणाले. "आपण पोचायचो तेव्हा आपोआप सभा भरलेली असेल."

"हे उपाशी असतात सोमवारी. पाण्याशिवाय काही घेत नाहीत संध्याकाळच्या पूजेपर्यंत."

"उत्तम! त्याग दिसला पाहिजे. जिल्हा ही एक भावना आहे वहिनी."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "जाऊत."

छातीत तार घातलेला माणूस, उपाशी पोटानं, पाऊस नसलेल्या श्रावणाच्या उन्हात डोंगर चढणार. कारण देवळात गर्दी. एवढा मूर्खपणा एका माणसाला जमत नाही, त्याला समिती लागते.

 ग्रंथपालाला भीती वाटली की तो वाचायला लागतो. मी वाचायला लागले. कॉलेजच्या संगणकावर बसून सायकलीच्या दात्यांबद्दल जे मिळेल ते. आठवड्याभरात मला कळलं ते असं. पायडलजवळ दोन दातेरी चकत्या असतात, मोठी आणि लहान. मागच्या चाकाला आठ चकत्यांचा गठ्ठा असतो. पुढची लहान आणि मागची सगळ्यात मोठी, ही जोडी चढासाठी. माझ्या नवऱ्याच्या सायकलला पुढं लहान चकतीचे दाते एकोणचाळीस आणि मागच्या सगळ्यात मोठीचे पंचवीस. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला, की मागचं चाक दीड फेऱ्याहून जास्त पुढं जाणार. उड्डाणपुलावर ठीक. पण डोंगरावर दर फेऱ्याला माणसाला आपलं आणि सायकलचं ओझं दीड चाक वर ढकलायचं म्हणजे पाय तर सोडाच, आधी छाती भरून येणार. मागं चौतीस दात्यांची चकती असली तर तेच चाक एका फेऱ्यात सव्वापेक्षाही कमी फिरतं. माणूस हळू जातो, पाय भराभर फिरतात, पण छातीवर बसत नाही. हळू जाणारा माणूस बोलू शकतो.

मला तेवढंच हवं होतं. त्याला बोलता यायला हवं होतं.

पुढच्या बैठकीत मी चहा देता देता सहज म्हटलं, "चढाला मागं मोठी चकती बसवतात म्हणे. चौतीस दात्यांची."

अध्यक्ष हसले. बाकीचे त्यांच्याकडं बघून हसले. "वहिनी, तिला आम्ही पेन्शनीचा दाता म्हणतो. पंचवीसच्या वर गेलं की ती सायकल नाही, पाळणा."

"तुम्ही तर पेन्शनीतच आहात," मी म्हटलं.

यावर कोणी हसलं नाही. नवऱ्यानं कपातला चहा संपवला आणि पंचवीसवर शिक्कामोर्तब झालं. मला माहीत होतं, तो आता चौतीस कधी मागणार नाही. हार्टचा पेशंट म्हणून त्याला कोणी जपलं की तो दुखावतो. घरी मी पाण्याची घागर आधी उचलली तरी तो दिवसभर बोलत नाही. म्हणजे नेहमीपेक्षाही कमी बोलतो.

श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात तो दोन दिवस उदगीरला गेला, भावाकडं वास्तुशांत होती. तो गेल्या गेल्या मी ऑटो थांबवला आणि सायकल आत घालायला लागले.

ऑटोवाला बघत राहिला. "मॅडम, सायकल हाय तर मग ऑटो कशाला?"

"सायकल आजारी आहे."

"आन् तुमी?"

"मी तिच्यासोबत."

वजिराबादेत एका गल्लीत या सायकलींचा एकमेव जाणता मिस्त्री बसतो. वडील सायकलीच दुरुस्त करायचे, हा गिअरच्या करायला लागला. त्यानं चाक फिरवून बघितलं.

"भाभी, नांदेड के वास्ते पच्चीस बहुत है. इधर चढाव कायका?"

"उदगीरला जायचंय. मुखेडवरून."

"हौ. फिर तो चौंतीस." मग त्यानं चेन ओढणाऱ्या त्या लोंबत्या भागाला बोट लावलं. "पन इसका हात छोटा है. चौंतीस तक पोचताच नै. लंबे हातवाला डालना पडता. चेन भी नयी."

"घाला."

"साब कू बोले?"

"नाही. आणि तुम्हीही बोलू नका."

तो हसला. त्यानं गठ्ठ्याची ती मोठी चकती हातावर धरून मला दाखवली. "भाभी, ये देखो. ये तो तश्तरी है. साब बर्तनवाले. उनकू कटोरी और तश्तरी में फरक नै दिखता क्या?"

हा विचार मी केला नव्हता. रात्रंदिवस वाट्या-ताटल्या विकणारा माणूस. पण भीतीपुढं माझी अक्कल चालत नव्हती. मी म्हटलं, "पुरुष माणूस बघत नाही हो." मिस्त्रीनं चकती पुसून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल जिथल्या तिथं उभी होती.

नवरा परतला. शनिवारी नेहमीप्रमाणं त्यानं जुन्या धोतराचा फडका घेऊन सायकल पुसली. मी स्वयंपाकघराच्या दारातून मटकी निवडायच्या निमित्तानं बघत होते. त्यानं हँडल पुसलं, सीट पुसली, पुढचं चाक पुसलं. मग मागच्या चाकाशी उकिडवा बसला. बराच वेळ बसला. माझ्या हातातली मटकी तशीच राहिली. मग तो उठला, फडका झटकला आणि म्हणाला, "भूक लागली."

पुरुष माणूस बघत नाही, ही माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. तो पहाटे कंपूबरोबर गेला आणि नेहमीपेक्षा दीड तास उशिरा आला. मी तोवर सात वेळा फाटकापर्यंत जाऊन आले होते. पिंडऱ्यांवर लाल धूळ, बोटांना काळं. दोन कप चहा मागितला. मी विचारलं, "उशीर?" तो म्हणाला, "गप्पा." हा माणूस दीड तास गप्पा मारत होता, यावर मी विश्वास ठेवला, यावरून माझी तेव्हाची अवस्था कळावी. त्याच दिवशी शिलाई मशीनच्या डब्यातला बारका स्क्रू-ड्रायव्हर सापडेना. मी कामवाल्या बाईंना विचारलं, त्या रागावल्या, मी माफी मागितली.

सोमवारी नायगावला पोचलो तेव्हा उजाडत होतं. तेरा सायकली, एक बॅनर, आणि मागं एक जीप. जीपमध्ये मी, पाण्याचे जार, केळी, आणि माझ्या पर्समध्ये त्याच गोळीची दुसरी पुडी. मी दर पाच मिनिटांनी ती चाचपत होते. जीपवाला मुखेडकडचा होता. त्यानं एकदा विचारलं, "मॅडम, काय हरवलं का?" मी म्हटलं, अजून नाही.

नारळ फुटला, घोषणा झाल्या. एक म्हातारी बकऱ्या घेऊन चालली होती, ती थांबली आणि तंग चड्ड्यांतले हे पोक्त लोक बघून तिनं जीपवाल्याला विचारलं, "कोन हायत रं हे?"

"नवा जिल्हा मागायला चाललेत, मावशी."

"आन् पानी?"

"ते जुन्या जिल्ह्याला मागायचं."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन घोट्याएवढं होऊन वाळलेलं. दोन वेळा पेरून तेवढंच आलेलं. एका फाट्यावर टँकरची वाट बघत बायकांची रांग होती, हंड्यांची त्याहून लांब. आमचे सायकलवाले तिथं थांबले आणि अध्यक्षांनी बाटली उघडून गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं. बाकीच्यांनीही ओतलं. रांगेतल्या बायका नुसत्या त्या पाण्याकडं बघत होत्या, ते मातीत जिरेपर्यंत. माझ्या नवऱ्यानं बाटली काढली होती, ती त्यानं परत सायकलच्या जाळीत ठेवली. मी जीपमधला एक जार खाली उतरवून दिला. मग जीपवाला म्हणाला, "मॅडम, अजून लई दूर जायचंय." मी दुसरा दिला नाही. तेव्हाही भीतीच होती, आणि ती एकाच माणसापुरती होती.

मुखेडला दहा वाजता सत्कार होता. शाली, फेटे, माईक. ऊन असं की टायरखालचं डांबर चुर्रर्र वाजत होतं. नवरा रांगेत उभा, खांद्यावर शाल. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. मी लांबून केळं दाखवलं, त्यानं मान हलवली. चेहरा लाल होता, आणि ओठही लालच होते. ओठ निळे पडतात का ते बघायचं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मी वाचलं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मिस्त्री.

"भाभी, निकल गये क्या?"

"मुखेडला आहोत."

"एक बात पूछनी थी. वो चौंतीसवाला आखरी दाता, मैने स्टँड पे डाल के देखा. रोड पे नै देखा. साब ने पुल पे डाल के देखे क्या?"

"तो पूल पुढच्या मोठ्या चकतीवरच चढतात हे लोक, मागचा शेवटचा दाता लागतच नाही."

मिस्त्री म्हणाला, "भाभी, स्टँड पे वजन नै रहता. चढाव पे जोर पडा तो कभी कभी चेन दाते के उपर से अंदर जाती. स्पोक में. चाक जाम हो जाता. होताच, ऐसा नै. पन साब कू बोल देव, आखरीवाला मत डालो. सातवे तक जाओ. बस."

मी फोन ठेवला. चढावर, पूर्ण जोर लावलेला असताना, मागचं चाक जागच्या जागी अडकलं तर माणूस कुठं पडेल? बाजूला दरी असेल की रस्ता? समोरून ट्रक असेल? हृदयाला वाचवायला म्हणून मी त्याच्या सायकलला हात लावला होता, न विचारता, चोरून. पंचवीसवर तो फार तर उतरून चालला असता. आता तो शेवटच्या चकतीवर विश्वासानं चेन टाकणार, आणि ती चकती मी बसवली होती.

मला फक्त वीस पावलं चालून त्याला सांगायचं होतं.

मी निघालेही. अध्यक्ष माईकवर बोलत होते, "या डोंगराला आम्ही घाबरत नाही, कारण आमच्या सायकलीला पेन्शनीचा दाता नाही!" टाळ्या पडल्या. माझा नवरा त्यांच्या शेजारीच. त्या टाळ्यांत जाऊन त्याला सांगायचं, की तुमच्या सायकलीला आहे, आणि तो मी बसवलाय, कारण तुमचं हृदय मला भरवशाचं वाटत नाही. मी थांबले. भाषण संपू दे, म्हटलं. भाषण संपलं, लगेच शिट्टी वाजली, सायकली सुटल्या.

लाज वाटून मी थांबले, हे मी नंतर स्वतःला पुष्कळ वेगळ्या शब्दांत सांगून बघितलं. ते तेवढंच आहे.

मुखेड मागं पडलं आणि रस्ता वर उठायला लागला. आधी लाटांसारखा, चढला की थोडा उतरायचा. मग उतरायचं बंद झालं. डावीकडं एक पाझर तलाव, तळाला भेगा पडलेला. त्याच्या पुढून खरा चढ. मी जीपवाल्याला म्हटलं, "त्या निळ्या सदऱ्याच्या शेजारी घ्या."

"मधे सायकली हायत मॅडम. रस्ता अरुंद. हॉर्न मारला तर दचकून पडतील म्हातारे."

खरंच होतं. सायकली वाकड्यातिकड्या चालल्या होत्या. पंचवीस दात्यांचं काय होतं ते मला आता डोळ्यांनी दिसत होतं. माणसं पायडलवर उभी राहून सगळं अंग एका बाजूला टाकत होती, मग दुसऱ्या बाजूला. एकेक फेरा म्हणजे भिंतीतून वीट उपसावी तसा. पहिले वकील उतरले. मग एक ठेकेदार. मग अध्यक्ष उतरले, सायकल ढकलत चालायला लागले आणि मोबाईलवाल्याला म्हणाले, "फोटो वर पोचल्यावर घे रे." जीपपाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. मी त्यांना पाणी दिलं, दार उघडलं. ते आत बसले आणि डोळे मिटले. भावना वगैरे काही बोलले नाहीत. मला त्यांची एकदम दया आली, पण ती दया करायला वेळ नव्हता.

पुढं आता चौघंच राहिले होते, आणि त्यात निळा सदरा. तो उभा राहिला नव्हता. बसून पाय फिरवत होता, एकसारखे, भराभर, शिलाई मशीनसारखे. सायकल माणूस चालतो त्याहून जराशी जलद. मी मागून चेन बघत होते. मला आता आठही चकत्या तोंडपाठ होत्या. चेन पाचवीवर होती. सहावीवर गेली. वळणावर चढ आणखी उभा झाला, चेन सातवीवर गेली.

आता एकच राहिली होती.

"दादा, काहीही करा, शेजारी घ्या," मी ओरडले. जीपवाल्यानं पहिल्या गिअरमध्ये जीप रस्ता सोडून मुरमावर घातली. धूळ उडाली. मी खिडकीतून अर्धी बाहेर.

"अहो! शेवटचा टाकू नका!"

त्यानं मान वळवली नाही. "कुठला?"

"शेवटचा गिअर! मी बदललाय. तुम्हाला न सांगता. चौतीसची आहे, मिस्त्रीनं रस्त्यावर बघितली नाही, चेन आत जाईल, स्पोकमध्ये! सातवीवरच राहा. नाहीतर उतरा. उतरा तुम्ही!"

मागच्या सीटवर अध्यक्षांनी डोळे उघडले. मला आता त्याचं काही नव्हतं. मी नवऱ्याच्या ओठांकडं बघत होते.

तो तसाच पाय फिरवत राहिला आणि समोर बघत बोलायला लागला. त्याच्या नेहमीच्या संथ, दुकानातल्या आवाजात.

"बदलली ते मला शनिवारीच दिसलं, ताटली हाय ती, म्हणून रविवारी मी लोह्याच्या रस्त्याला त्या देवीच्या टेकडीवर गेलतो, तिथं ती तीनदा टाकून बघितली, दुसऱ्या खेपेला चेन आत जायला लागली तवा उतरून मशीनच्या स्क्रू-ड्रायव्हरनं तिथला चेन अडवायचा स्क्रू अर्धा फेरा आवळला, तिसऱ्यांदा काही झालं न्हाई, आन् आता तू ती जीप मागं घे, सगळा धूर माझ्या नाकात चाललाय."

मग खट्ट असा आवाज झाला. चेन आठवीवर चढली. मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ती तिथंच होती, आणि तो पाय फिरवत होता.

तीस वर्षांत मी त्याचं एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. ते कुठंही तुटलं नव्हतं. स्वल्पविरामाला तेवढा त्यानं श्वास घेतला. जीपवाल्यानं जीप मागं घेतली. मी हातातल्या पर्सची साखळी इतकी घट्ट धरली होती, की तळव्यावर तिच्या कड्यांचे ठसे उठले होते.

तो चढ चौघांनीच सायकलवरून पुरा केला. उदगीरच्या वेशीजवळ अध्यक्ष जीपमधून उतरले, फेटा नीट केला आणि सगळ्यांच्या पुढं सायकलवर बसून गावात शिरले. निवेदन दिलं गेलं. फोटो आला. जिल्हा अजून व्हायचा आहे.

संध्याकाळी दिराच्या घरी त्यानं अंघोळ केली, डबी उघडून पूजा केली आणि मग दोन केळी खाल्ली. मी शेजारी बसले होते.

"दिसलं होतं तर सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू सांगितलंस का?"

"मी घाबरले होते."

तो केळ्याची साल ताटलीत ठेवत म्हणाला, "मंग?"

एवढंच. मग तो झोपला आणि मी सवयीनं डबी बघत बसले. आणि बसल्या बसल्या मला ते उशिरा लक्षात आलं. आदल्याच दिवशी, रविवारी, हा माणूस एकटा एका टेकडीवर होता. चेन आत जायला लागली तेव्हा मागं जीप नव्हती, पाणी नव्हतं, पर्समधली पुडी नव्हती. मी घरी स्क्रू-ड्रायव्हर शोधत होते. माझी सगळी भीती मी सोमवारवर, म्हणजे चुकीच्या दिवशी, खर्च केली होती.

पुढच्या आठवड्यात तो दुकानात असताना मी एकटीच ती टेकडी बघायला गेले. ऑटो पायथ्याशी थांबवला. रस्ता वळणावळणानं वर देवळाकडं जातो. आजूबाजूला घर नाही, झाडाची सावली नाही, लाल माती. हाक मारली तर ऐकणारं कोणी नाही. मी चालत चढायला लागले. मला काही आजार नाही. एक वळण झालं, दुसरं झालं. तिथं, मधल्या चढावर, मी त्याचं ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघायचं ठरवलं, शब्दाला शब्द, चालता चालता.

माझं वाक्य स्क्रू-ड्रायव्हरपाशी तुटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी मी तिथंच, रस्त्यात, खाली बसले.